राजाचा शिक्का आणि गरिबाचं जातं



ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं वारं सुरू होतं, तेव्हा आमच्या गटाच्या मासिक बैठकीत वसुली राहिली बाजूला आणि एकच चर्चा रंगली. चांगला कारभारी ओळखायचा कसा? एक म्हणाली, ज्यानं रस्ता केला तो. दुसरी म्हणाली, रस्ता केला, पण त्यात टक्केवारी खाल्ली असेल तर? तिसरीचं म्हणणं, रात्री-अपरात्री हाक मारली की उठून येतो तो खरा. बोलता बोलता गोष्ट रामराज्यावर गेली, शिवरायांवर गेली. मग आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या काकू म्हणाल्या, "अगं, शनिवार तेल्यांच्या पोथीत पण राजांच्या लई गोष्टी असायच्या. त्यात काय सांगितलंय बघा की."

आपल्यातल्या तरुण मुलींना शनिवार तेली म्हणजे कोण ते ठाऊक नसेल. आपल्या अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या पट्ट्यात बेने इस्रायल नावाचे यहुदी लोक शेकडो वर्षं राहिले. त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं ते सांगतात. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शनिवार हा त्यांचा पाळणूक करायचा वार, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून शनिवार तेली. घरात मराठी, अंगावर नऊवारी, आडनावं रोहेकर, पेणकर. १९४८ नंतर त्यांतले बरेचसे इस्राएल देशात गेले. काकूंना आठवतो तो त्यांचा मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं. मलिद्याच्या वेळी ज्याचं नाव घेतात तो एलियाहू हन्नाबी. हन्नाबी म्हणजे संदेष्टा. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे, त्यावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा.

मग आम्ही समन्वयक बायका महिनाभर ती पोथी वाचत बसलो. यहुदी लोक तिला तनाख म्हणतात, ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात. मूळ भाषा बहुतेक सगळी हिब्रू. मराठीत ती आहेच. आपल्या पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, ते १९२४ साली छापलं गेलं. आमच्यातल्या एकीचं बी. ए. इतिहास घेऊन झालंय, त्याचा यंदा प्रथमच काही उपयोग झाला असं ती स्वतःच म्हणते.

तर मलिद्यातला हा एलियाहू कोण? राजाच्या तोंडावर उभा राहून जमिनीचा हिशेब मागणारा माणूस. त्याचीच गोष्ट आधी सांगतो.

इज्रेल नावाच्या गावात नाबोथ नावाचा एक शेतकरी होता. त्याचा द्राक्षमळा नेमका अहाब राजाच्या वाड्याला लागून. राजाला वाटलं, ही जागा मिळाली तर वाड्याशेजारी भाजीपाला लावता येईल. त्यानं नाबोथला बोलावून सरळ सौदा सांगितला. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख चांदी देतो. बघा, राजानं सुरुवातीला काही वाईट केलेलं नाही. मोबदला देऊ करतोय. नाबोथ मात्र म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही.

हे 'नाही' कशाच्या जोरावर? त्या लोकांच्या नियमशास्त्रात जमीन देवाची मानलेली आहे. कुटुंबाला ती वहिवाटीला दिलेली. अडचणीत कोणी विकलीच, तरी ती कायमची विकायची नाही, पन्नासाव्या वर्षी ती मूळ घराण्याकडे परत यायची, असा नियम लेवीय नावाच्या भागात आहे. म्हणजे नाबोथच्या पाठीशी कायदा होता आणि तो कायदा राजालाही लागू होता. राजाला ते कळत होतं. म्हणून तर तो घरी जाऊन पलंगावर तोंड फिरवून पडला आणि जेवेना. एवढा मोठा राजा, आणि भाजीच्या वाफ्यासाठी रुसून बसला!

त्याची राणी ईजबेल. ती सीदोनच्या राजाची मुलगी. तिला हे अडणंच समजेना. राजा असून कसला विचारत बसतोस, तुला मळा मी मिळवून देते, अशा अर्थाचं ती बोलली. तिनं राजाच्या नावानं पत्रं लिहिली, राजाचा शिक्का मारला आणि नाबोथच्या गावातल्या वडीलधाऱ्यांना पाठवली. उपासाचा दिवस जाहीर करा, सभा भरवा, नाबोथला मानाच्या जागी बसवा, समोर दोन भाडोत्री माणसं बसवा, आणि यानं देवाला आणि राजाला शिव्या दिल्या अशी त्यांना साक्ष द्यायला लावा. वडीलधाऱ्यांनी तसंच केलं. दोन साक्षीदार हवेत हा नियम पाळला. सभा भरवली. सगळं कागदोपत्री बरोबर. आणि नाबोथला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचून मारलं.

मैत्रिणींनो, या गोष्टीत आम्हाला सगळ्यांत जास्त टोचला तो शिक्का. पत्रं राणीनं लिहिली, पण शिक्का राजाचा होता. अहाबनं विचारलंसुद्धा नाही, की काल नाही म्हणणारा माणूस आज एकाएकी मेला कसा. उठला आणि मळा ताब्यात घ्यायला गेला. आपल्याकडे किती गटांत अध्यक्षबाई विड्रॉल स्लिपांवर कोऱ्या सह्या करून सचिवाकडे देऊन ठेवतात? सोय म्हणून देतात. आम्हीही दिल्या आहेत. या गोष्टीनंतर कोऱ्या स्लिपा फाडून टाकल्या, एवढं इथं सांगून ठेवतो.

राजा मळ्यात पोचतो, तर तिथं एलियाहू उभा. त्यानं राजाला विचारलं ते असं, की खून करून वर वतनही बळकावलंस का? राणीचं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलंच नाही. गावच्या पुढाऱ्यांचंही नाही, खोट्या साक्षीदारांचंही नाही. सगळ्यात आधी जाब राजाला, कारण शिक्का त्याचा आणि मळाही त्यालाच मिळाला.

आता यातली एक गंमत बघा. अहाब हा लहानसहान राजा नव्हता. त्याच्या वेळचा असिरियाचा बादशहा शल्मनेसर याचा एक कोरीव दगड सापडलेला आहे. त्यात इ. स. पू. ८५३ च्या कर्कर इथल्या लढाईचं वर्णन आहे. त्या लढाईत अहाबनं २,००० रथ आणि १०,००० सैनिक आणले होते असं शत्रूनंच लिहून ठेवलंय. आणि हिब्रू पोथीत? त्या लढाईचं नावही नाही. त्यानं बांधलेली नगरं आणि हस्तिदंती घर एका ओळीत उरकलंय. भाजीच्या वाफ्याएवढ्या जमिनीसाठी मात्र पूर्ण अध्याय. आपल्या भाषेत म्हणायचं तर कामाच्या जाहिरातीचा बोर्ड त्यांनी वाचलाच नाही, सातबारा मागवला.

राजा कसा असावा याचा लेखी नियमही त्यांच्याकडे आहे, अनुवाद नावाच्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात. फार लहान आहे. राजानं स्वतःसाठी घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोनं-चांदी साठवू नये. घोडे म्हणजे त्या काळची फौज. मग एकच गोष्ट करायला सांगितली आहे. राजानं नियमशास्त्राची एक नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जवळ ठेवावी आणि जन्मभर रोज वाचावी. का? आपल्या भावांपेक्षा आपण वरचे आहोत असं त्याच्या मनात येऊ नये म्हणून. आजूबाजूच्या इजिप्तमध्ये राजाला देव मानत होते. इथं राजाला वही घेऊन रोज वाचायला बसवलंय! आमच्या काकू म्हणाल्या, बरंय, म्हणजे राजालाही आपल्यासारखं इतिवृत्त वाचावं लागायचं.

मुळात त्या लोकांना राजा द्यायलाच त्यांचा म्हातारा न्यायाधीश शमुवेल तयार नव्हता. लोक म्हणाले, सगळ्या राष्ट्रांना राजे आहेत, आम्हालाही हवा. शमुवेलनं त्यांना राजा काय काय घेईल याची यादीच ऐकवली. मुलगे रथापुढे पळायला घेईल, मुली अत्तरं करायला, स्वयंपाकाला आणि भाकऱ्या भाजायला घेईल, चांगली शेतं घेऊन चाकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. यादीत मुली आठवणीनं घातल्यात, हे आम्हाला विशेष वाटलं. लोकांनी तरीही हट्ट सोडला नाही. मग कारभार सोपवताना शमुवेल सगळ्यांपुढे उभा राहिला आणि स्वतःचाच हिशेब मागितला. मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाला नाडलं, कुणाकडून लाच खाल्ली, आत्ता सांगा, भरून देतो. लोक म्हणाले, काहीही घेतलं नाहीस. पद सोडताना असं विचारणारा माणूस आम्ही तरी अजून पाहिलेला नाही. तुमच्या गावात असेल तर जरूर कळवा.

पुढे दावीद आला. तो लोकांचा सगळ्यांत लाडका राजा. त्यानं आपल्या सैनिकाची, उरीयाची बायको आणवली आणि उरीयाला लढाईत मरायला पुढे पाठवलं. पोथी हे झाकत नाही. नाथान नावाचा संदेष्टा त्याच्याकडे गेला आणि त्याला एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. शेजारच्या श्रीमंतानं पाहुण्यासाठी स्वतःचं जनावर न कापता त्या गरिबाची मेंढी नेली. दावीद रागानं लाल झाला, तेव्हा नाथान म्हणाला, तो श्रीमंत तूच. दावीदनं त्याला कैदेत टाकलं नाही. चुकलो म्हणाला. उरीया त्यामुळे परत आला नाही, हेही खरं.

दावीदचा मुलगा शलमोन. एका बाळासाठी भांडणाऱ्या दोन बायकांचा त्यानं केलेला निवाडा तुम्ही कुठं ना कुठं ऐकला असेल. तो शहाणा होताच. पण नियमात जे नको म्हटलं होतं, ते त्यानं एकेक करून सगळं केलं. १,४०० रथ, १२,००० घोडेस्वार, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी. देऊळ बांधायला ७ वर्षं लागली, स्वतःचा वाडा बांधायला १३. त्यासाठी ३०,००० माणसं वेठीला धरली, एक महिना लबानोनच्या डोंगरात आणि दोन महिने घरी अशा पाळ्या लावल्या. त्या घरांतल्या बायकांनी ती शेतं कशी ओढली असतील ते पोथीत नाही, पण मुंबईला नवरा कामाला गेलेल्या घरांना सांगायला नको. शलमोन मेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामकडे गेले. बापानं लादलेलं ओझं हलकं कर म्हणाले. म्हाताऱ्या मंत्र्यांचा सल्ला होता, आज तू यांचा सेवक हो, म्हणजे हे कायम तुझे राहतील. बरोबरीच्या पोरांचा सल्ला होता, दम दे. त्यानं दम दिला. बारापैकी दहा वंश त्याच दिवशी वेगळे झाले आणि राज्याचे दोन तुकडे पडले.

आता एका बापलेकाची गोष्ट. ती आम्हाला सगळ्यांत नेमकी वाटते.

योशीया राजाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६२२ च्या सुमाराला, यरुशलेमच्या देवळाची डागडुजी चालू असताना नियमशास्त्राचा एक ग्रंथ सापडला. तो राजापुढे वाचला, तेव्हा राजानं आपले कपडे फाडले. त्या काळी दुःख दाखवायची ती रीत. हे आपल्याला लागू आहे आणि आपण ते पाळलेलं नाही, हे त्याला ऐकताक्षणी कळलं. मग खरं-खोटं विचारायला त्यानं आपली मोठमोठी माणसं पाठवली ती एका बाईकडे. तिचं नाव हुल्दा. ती संदेष्टी होती, तिचा नवरा वस्त्रागाराचा रखवालदार. तिनं राजाची भीड न ठेवता काय ते स्पष्ट सांगितलं आणि राजानं ते ऐकलं.

त्याचा मुलगा यहोयाकीम. त्याच्या काळात यिर्मया नावाचा संदेष्टा होता. यिर्मयाची गुंडाळी, म्हणजे त्या काळचं पुस्तक, राजापुढे वाचायला घेतली. थंडीचे दिवस, राजा शेगडीपुढे बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा तुकडा चाकूनं कापायचा आणि शेगडीत टाकायचा. असं करत सगळी गुंडाळी जाळली. पोथी लिहिणाऱ्यानं मुद्दाम नोंदवलंय की त्या वेळी कुणीही आपले कपडे फाडले नाहीत. बापानं ऐकून कपडे फाडले, लेकानं ऐकून पुस्तक कापलं.

या यहोयाकीमनं वाडा बांधायला काढला होता. वरच्या प्रशस्त खोल्या, मोठ्या खिडक्या, गंधसरूचं लाकूड, वर शेंदरी रंग. आणि मजुरांना मजुरी नाही. यिर्मयानं त्याला जे सुनावलं त्याचा मतलब असा, की गंधसरूत स्पर्धा केलीस म्हणून तू राजा ठरतोस काय? तुझा बापही खात-पीत होता. पण तो गरिबाचा, अडलेल्याचा न्याय करायचा. देवाला ओळखणं म्हणजे तरी दुसरं काय? राजानं मीठ-भाकरी खाऊन राहावं असं यिर्मया म्हणत नाही, हे आम्हाला पटलं. चांगलं खा, पण मजुरी दे. हिब्रूत 'मिश्पात' आणि 'त्सदाका' असे दोन शब्द राजाच्या बाबतीत जोडीनं येतात. मिश्पात म्हणजे निवाडा, त्सदाका म्हणजे नीतीनं वागणं. निवाडा नुसता बरोबर देऊन भागत नाही, अडलेल्याच्या पदरात त्याचं ते पडावं लागतं.

हेही सांगायला हवं, की योशीया चांगला होता म्हणून त्याचं भलं झालं असं नाही. ३९ वर्षांचा असताना मगिद्दो इथं इजिप्तच्या राजानं त्याला मारलं. पोथीनं तेही लिहून ठेवलंय.

इथवर वाचताना आम्ही खुशीत होतो. राजे दुसऱ्यांचे, चुका दुसऱ्यांच्या. मग अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आलो. तिथं गहाणाचे नियम आहेत. विधवेचं वस्त्र गहाण घेऊ नये. गरिबाचं पांघरूण घेतलंच, तर सूर्य मावळायच्या आत परत करावं, कारण रात्री तो काय पांघरणार? आणि जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचं जगणंच गहाण घेणं आहे.

हे आम्ही जिथं बसून वाचत होतो, त्या खोलीच्या कोपऱ्यात, जुन्या साडीखाली झाकलेलं एक शिलाई मशीन होतं.

ते कुणाचं ते सांगत नाही. गावातलीच एक बाई, आमच्या गटात नाही. फेब्रुवारीत दवाखान्यासाठी तिला ८,००० रुपये हवे होते. गटात पैसे पडून होते. सभासदांना आम्ही शेकडा दोननं देतो, बाहेरचीला शेकडा तीन लावलं. ठराव झाला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, इतिवृत्तात सगळं नीट आहे. तारण म्हणून मशीन आणून ठेवलं. तेव्हा ते कुणालाच खटकलं नाही. उलट, गट कसा शिस्तीत चालतो याचं कौतुकच वाटलं होतं.

त्या दिवशी कुणीच पुढचं पान उलटलं नाही. चहा झाला आणि उठलो.

आठवड्यानं नहेम्याचं पुस्तक वाचलं. हा नहेम्या राजा नव्हता. इराणच्या बादशहाचा प्यालेबरदार, इ. स. पू. ४४५ मध्ये यहुदा प्रांताचा सुभेदार होऊन आला. यरुशलेमचा पडका तट त्यानं ५२ दिवसांत उभा केला म्हणून त्याचं नाव. पण ते काम चालू असतानाच लोकांनी, आणि पोथीत मुद्दाम म्हटलंय की त्यांच्या बायकांनीही, मोठा आक्रोश केला. कुणावर? परक्यांवर नाही, आपल्याच सावकार भाऊबंदांवर. पोरंबाळं पुष्कळ, खायला दाणा नाही. दुष्काळात दाण्यासाठी शेतं, मळे, घरं गहाण टाकली. बादशहाचा सारा भरायला कर्ज काढलं. आता मुली दासी म्हणून जाताहेत आणि सोडवायला हातात काही नाही.

नहेम्याला संताप आला. त्यानं आधी मनाशी विचार केला, मग सरदारांची आणि अंमलदारांची मोठी सभा बोलावून त्यांना सर्वांसमक्ष झापलं. ते गप्प. आणि इथं तो जे बोलला त्यासाठी आम्ही त्याला मानतो. तो म्हणाला, की मी, माझे भाऊ, माझे चाकर, आम्हीही पैसा आणि धान्य कर्जानं देतोच आहोत. चला, हे आपण बंद करू. दुसऱ्याला खडसावताना स्वतःचं खातंही त्यानं उघडं केलं. शेतं, मळे, जैतुनाच्या बागा, घरं आजच परत करा आणि तो शेकडा एक घेताय तोही परत करा. शेकडा एक! अभ्यासक तो दरमहाचा धरतात. आमचा शेकडा तीन होता.

सावकार हो म्हणाले. नहेम्या तेवढ्यावर थांबला नाही. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली आणि आपल्या अंगरख्याचा ओचा झटकून दाखवला. जो शब्द मोडेल त्याला देव असा झटकून टाको. बारा वर्षं सुभेदार होता, पण सुभेदाराचा भत्ता त्यानं घेतला नाही. आधीचे सुभेदार अन्न-द्राक्षारस आणि वर चांदीची ४० नाणी लोकांकडून उकळत. याच्या पंगतीला दीडशे माणसं असत. रोज एक बैल आणि सहा मेंढरं लागत. लोकांवर आधीच ओझं आहे म्हणून तो खर्च त्यानं लोकांवर टाकला नाही. स्वतःची कामं स्वतःच लिहून ठेवलीत त्यानं, थोडी बढाई आहेच. ती आम्ही सोडून दिली.

मशीनचं मग बैठकीत निघालं. सोपं गेलं नाही. तीन संध्याकाळी गेल्या. एक म्हणाली, तारण न घेता बाहेर पैसे दिले आणि बुडाले तर आमच्या घामाचे कोण भरणार? ते काही चूक नव्हतं. एक म्हणाली, राजांच्या गोष्टी आपल्याला कशाला, आपण कुठल्या राणी? तिला काकूंनी उत्तर दिलं, तुझ्या दाराशी हात पसरून कुणी उभं राहिलं की तेवढा वेळ तूच राणी. शेवटी ठरलं, की मशीन लगेच परत आणि व्याज सभासदांइतकंच. चार महिन्यांचे ९६० घेतले होते, ६४० होतात, ३२० परत. यापुढे कमाईचं साधन तारण घ्यायचं नाही, असा ठराव झाला. एकजण त्या ठरावावर सही न करता उठून गेली, ती अजून बैठकीला आलेली नाही. आम्ही घरी जाऊन आलो, पुन्हा जाणार आहोत.

जूनअखेर मशीन पोचतं केलं. तिनं पदरानं धूळ पुसली, बॉबीन काढून पाहिली आणि म्हणाली, "लगनसराई गेली हो." एवढंच.

आम्हाला वाटलं होतं प्रकरण मिटलं. पण पोथीत अजून एक बाई आमची वाट बघत होती. ती शुनेम गावची, नाबोथच्या इज्रेलपासून जवळच. सात वर्षांचा दुष्काळ येणार म्हणून अलीशा नावाच्या संदेष्ट्यानं तिला घरच्यांसह परमुलखात जायला सांगितलं. सात वर्षांनी परत आली, तर घर आणि शेत दुसऱ्याच्या ताब्यात. ती थेट राजाकडे दाद मागायला गेली. तो राजा कोण, त्याचं नावही त्या प्रकरणात दिलेलं नाही. तिनं सगळी हकिगत सांगितली. राजानं एक अंमलदार नेमून दिला आणि हुकूम केला, की हिचं सगळं हिला परत करा. आणि ही गेली त्या दिवसापासून आजपर्यंत त्या शेतात जे पिकलं, तेही भरून द्या.

हे वाचून झालं तेव्हा आमच्या खजिनदारबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कॅशबुक ओढलं, कोरं पान काढलं, वर 'लगनसराईची शिलाई, मार्च ते जून' असं लिहिलं आणि रक्कम मोकळी सोडली. चार महिन्यांत किती ब्लाउज झाले असते, किती परकर, फॉल-बिडिंग किती, आम्हाला काय ठाऊक? येत्या १० तारखेच्या बैठकीला तिला बोलावलं आहे. आकडा तिनंच सांगायचा आहे.